टोमॅटोसाठी एकरी सापळा संच: कशावर पैसे घालावेत, काय सुटं घ्यावं

नर्सरीतून रोपांचे ट्रे यायला लागले की नाशिककडच्या पिंपळगाव, दिंडोरी, गिरणारे, सिन्नर या पट्ट्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हा संच दिसायला लागतो. नाव निरनिराळं, माल जवळपास तोच. फळ पोखरणाऱ्या घाटेअळीसाठी पाच नरसाळे सापळे आणि त्यांचे ल्युअर (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणाऱ्या गंधकुप्या), टुटा या पानं-फळं पोखरणाऱ्या किडीसाठी पाच डेल्टा सापळे (तिकोनी, आत चिकट पुठ्ठा असलेले), वीसेक पिवळी आणि पाचेक निळी चिकट कार्डं, निंबोळी अर्काची बाटली, ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचा पुडा आणि एक घडीपत्रक. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘एक एकर, एकात्मिक कीड नियंत्रण’.

आमचं मत आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे, पण आहे तसा नाही. सापळ्यांचं प्लास्टिक टिकतं, दोन-तीन हंगाम सहज जातं. ल्युअर मात्र हंगामाला पुरत नाहीत, पिवळी कार्डं कमी पडतात, आणि सगळ्यात कच्चं असतं ते घडीपत्रक. सापळा कुठे बांधायचा याचं चित्र त्यात असतं, पण सापळ्यात किती पतंग आले म्हणजे काय करायचं, हे नसतं. तो आकडा माहीत नसेल तर सापळा नुसता शोभेला लटकतो आणि फवारणी कॅलेंडर बघूनच होत राहते.

ल्युअरचा हिशेब करून पाहा. जुलैत लावलेला प्लॉट नोव्हेंबरपर्यंत चालतो. घाटेअळीची खरी भीती फुलं लागल्यापासून, म्हणजे लागवडीनंतर तीस-पस्तीस दिवसांपासून. तिथून शेवटच्या खुड्यापर्यंत सुमारे नव्वद दिवस झाले. घाटेअळीचा ल्युअर तीन ते चार आठवडे वास देतो, कडक उन्हात त्याहूनही कमी. पाच सापळ्यांना तीन-चार वेळा बदलायचे म्हणजे पंधरा ते वीस ल्युअर लागतात. संचात असतात पाच, फार तर दहा. सप्टेंबरच्या मध्यावर ल्युअर संपतो, सापळा रिकामा दिसायला लागतो, आणि कीड गेली असं वाटून फवारणी थांबते. नेमक्या त्याच दिवसांत घाटेअळी फळांत शिरते. जुना ल्युअर लावून ठेवलेला सापळा आम्ही सापळा नसण्यापेक्षा वाईट मानतो, कारण तो खोटा धीर देतो. म्हणून संचाबरोबरच जादा ल्युअर मागा. अॅल्युमिनियमच्या पाकिटावरची बनावटीची तारीख बघा, पाकीट न उघडता फ्रिजमध्ये ठेवा, आणि ल्युअर लावल्याची तारीख सापळ्याच्या झाकणावर मार्करने लिहा.

नरसाळे सापळ्याची बनावट साधी. वर झाकण, झाकणाखाली ल्युअर अडकवायची खाच, मग नरसाळं, त्याखाली लांब प्लास्टिकची पिशवी. पिशवीचं खालचं टोक उघडं असतं. तिथे गाठ किंवा रबर लावायचं राहून गेलं तर नरसाळ्यातून पडलेला पतंग खालून निघून जातो. स्वस्त संचात पिशवी इतकी पातळ असते की वाऱ्याने काठीवर घासून महिन्यात फाटते, म्हणून तिचं टोक काठीला सुतळीने सैल बांधून ठेवावं. पावसाचं पाणी साचून पतंग कुजले की मोजणी होत नाही. पिशवीच्या तळाला सुईने तीन-चार भोकं पाडली की हा त्रास संपतो. झाकण जितकं रुंद तितकं बरं. निवडायला दोन प्रकार असतील तर रुंद झाकणाचाच घ्या.

उंचीच्या बाबतीत तर सगळ्यात जास्त चूक होते. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर हवा. आपल्याकडे टोमॅटो तार-बांबूवर असतो. जुलैत बांबूला गुडघ्याएवढ्यावर बांधलेला सापळा सप्टेंबरात पाल्यात बुडून जातो. सात-आठ फुटांची वेगळी काठी रोवावी, सापळ्याला सुतळीचा फास ठेवावा आणि दर बांधणीच्या वेळी तो वर सरकवावा. एकरी दोन सापळे टेहळणीला पुरतात. पाच लावले तर बांधाकडचा आणि मधला फरकही कळतो. पक्ष्यांसाठी टी आकाराच्या काठ्या मात्र वेगळ्या रोवायची गरज नाही. बांबू आणि तारा आहेत, त्यावरच पक्षी बसतात.

आता मोजणी. दर सापळ्यात रात्रीत आठ ते दहा पतंग, आणि सलग दोन-तीन दिवस तसेच, हा घाटेअळीचा इशारा. पण आधी पतंग कोणता ते पाहा. घाटेअळीचा पतंग गवती-तपकिरी असतो, पुढच्या पंखावर मध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद ठिपका, मागचा पंख फिकट आणि कडेला रुंद काळपट पट्टा. पुढच्या पंखावर आडव्या-उभ्या पांढऱ्या रेषांची जाळी दिसली तर तो तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा पतंग, आणि तुमच्या सापळ्यात चुकून त्याचा, म्हणजे स्पोडोप्टेराचा, ल्युअर लागला आहे. दुकानात दोन्ही पाकिटं एकाच डब्यात असतात, आणि ‘फेरोमोन द्या’ म्हटलं की हाताला येईल ते मिळतं. किडीचं नाव घेऊन ल्युअर मागायचा आणि पाकिटावर वाचून घ्यायचा.

इशारा मिळाला की लगेच पंप भरायचा नाही. आधी शेंड्याकडची, फुलांच्या गुच्छाजवळची कोवळी पानं भिंगाखाली बघायची. अंडं खसखशीच्या दाण्याहून बारीक, पिवळसर पांढरं, एकेकटं घातलेलं, बाजूने उभ्या रेघा असलेलं. तीन ते पाच दिवसांत ते उबतं. जैविक उपायांना हीच वेळ लागू पडते. अळी बोटाच्या पेराएवढी होऊन फळात अर्धी शिरली की तिच्यापुढे जैविक काही चालत नाही. संचात भिंग नसतं. दहा पटींचं साधं भिंग सुटं घ्या, या सगळ्या सामानात त्याचा उपयोग रोज होतो.

टुटासाठीच्या डेल्टा सापळ्यांबद्दल संचाचा दावा आम्हाला मान्य नाही. २०१४ साली पुण्याकडे ही कीड भारतात पहिल्यांदा नोंदवली गेली आणि तिथून टोमॅटोच्या सगळ्या पट्ट्यांत पोचली. पाच सापळे तिची टेहळणी करतात, तिचं नियंत्रण करत नाहीत. सापळ्यात फक्त नर येतात. एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी अंडी पडतातच. नर पकडूनच संख्या खाली आणायची असेल तर एकरी पंधरा-वीस सापळे लागतात, तेही लागवडीपासून, आणि शेजारच्या प्लॉटमध्येही लागलेले असतील तर खरा फरक दिसतो. घडीपत्रकात पाच सापळ्यांपुढे ‘नियंत्रण’ लिहिलेलं असतं, ते वाचून कुणी निर्धास्त राहू नये.

टुटाचा पतंग फार वर उडत नाही. त्यामुळे हा सापळा घाटेअळीच्या उलट, जमिनीजवळ, गुडघ्याच्या खाली हवा. दोन्ही सापळे एकाच काठीला बांधलेले बऱ्याच प्लॉटमध्ये दिसतात. मग एक तरी चुकीच्या उंचीवर जातोच. पावसाळ्यात डेल्टा बरा, कारण त्याला छप्पर असतं. दिवाळीनंतर वारा आणि धूळ सुरू झाली की डेल्टातला चिकट पुठ्ठा आठवड्यात धुळीने मढतो. तेव्हा घरगुती पाणी सापळा जास्त पकडतो. एक उथळ घमेलं, त्यात पाणी, पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर, आणि पाण्याच्या वर दोन बोटं अंतरावर तारेने टांगलेला ल्युअर. पाणी दोन दिवसांनी भरायचं. पतंग अगदी बारीक, सहा-सात मिलिमीटरचा, राखाडी, त्यावर काळे ठिपके. पावडरीच्या पाण्यात तो बुडतो, साध्या पाण्यात तरंगून निसटतो.

पानावर टुटा आणि नेहमीची नागअळी यांत गल्लत होते आणि फवारणी वाया जाते. पान उन्हाकडे धरून बघा. नागअळीची वाट बारीक, सापासारखी वळत गेलेली, आत डोकं नसलेली पिवळी अळी. टुटाची वाट पसरट, फुगल्यासारखा डाग, त्यात काळी विष्ठा एका जागी साचलेली, आणि अळीचं डोकं गडद दिसतं. फळावर टुटा देठाच्या टोपीखाली टाचणीएवढं भोक पाडते. क्रेट भरताना ते दिसत नाही, बाजार समितीत लिलावाच्या ओट्यावर दिसतं. टुटा कमी ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय कुठल्याच संचात नाही. भाव पडला की प्लॉट तारांवर तसाच सोडून दिला जातो, आणि तो सोडलेला प्लॉट पुढचे दोन महिने शेजारच्या उन्हाळी टोमॅटोला पतंग पुरवतो. शेवटचा खुडा झाला की झाडं उपटून गाडा किंवा प्लास्टिकखाली झाकून कुजवा. बांधावरची कामोणीही काढा, टुटा तिच्यावरही जगतो.

पिवळ्या कार्डांबद्दल अपेक्षा नीट ठेवावी. पांढरी माशी पर्णगुच्छाचा, म्हणजे बोकड्याचा, विषाणू पसरवते. ती झाडावर थोडा वेळ रस शोषून गेली तरी लागण होते, त्यामुळे कार्डावर शंभर माश्या चिकटल्या म्हणून झाड वाचलं असं होत नाही. विषाणूची खरी लढाई रोपवाटिकेत असते. रोप ४० मेशच्या (इंचाला चाळीस छिद्रं असलेल्या) जाळीत वाढलं आहे का हे नर्सरीत जाऊन बघा, जाळी फाटलेली किंवा दार उघडं असेल तर तिथली रोपं घेऊ नका. प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी लागवडीच्या आधी टोकल्या तर माशीला आडोसा होतो. कार्डं पहिल्या पंचेचाळीस दिवसांत जास्त महत्त्वाची. एकरी पंचवीस तरी हवीत, शेंड्याच्या चार-सहा इंच वर, आणि पिकाबरोबर वर सरकवलेली. रस्त्याकडेच्या ओळीत लावू नका, ट्रॅक्टरच्या धुळीने दोन दिवसांत निकामी होतात. वळीव धुऊन नेतो अशा कार्डांचा गोंद हलका असतो. बोटाने दाबून उचलल्यावर गोंदाची तार सुटली पाहिजे, ही साधी परीक्षा दुकानातच करता येते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. पिवळ्या कार्डावर मित्रकीटकही चिकटतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे आणि हिरव्या जाळीदार पंखांची क्रायसोपा कार्डावर दिसायला लागली तर कार्डं अर्ध्यावर आणा. निळी कार्डं फुलकिड्यांसाठी, पाच आहेत ती टेहळणीला ठीक आहेत.

संचात नसलेली पण आम्ही सगळ्यात वर ठेवू अशी वस्तू म्हणजे ट्रायको कार्ड. ते जिवंत असल्यामुळे खोक्यात भरून ठेवता येत नाही, हे समजण्यासारखं आहे. कार्डावर तांदळातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा ही अगदी बारीक गांधीलमाशी वाढत असते. ती बाहेर पडून घाटेअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मतच नाही. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात. एकरी एक कार्ड, फुलं लागल्यापासून दर आठवड्याला, पाच-सहा वेळा. टोमॅटोसाठी ‘प्रेटिओसम’ जात मागा. उसासाठी मिळणारी ‘चिलोनिस’ सहज हातात ठेवली जाते. टोमॅटोच्या पानावरच्या लवेमुळे तिचं काम इथे कमी पडतं.

कार्ड घेताना ते उजेडात धरा. दाणे काळे हवेत. पांढरट असतील तर आत गांधीलमाशीच नाही. काळ्या दाण्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतील तर माश्या उडून गेल्या आहेत, ते कार्ड परत करा. मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात आणलेलं कार्ड मेलं समजा. ओल्या फडक्यात गुंडाळून, थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात आणा. लगेच लावायचं नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच ते दहा अंश तापमानाला आठवडाभर चालतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. संध्याकाळी पट्ट्या फाडून एकरभर सारख्या अंतरावर पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. त्याच भागातली पिवळी कार्डं तेवढ्यापुरती काढून ठेवा, नाहीतर सोडलेल्या माश्या त्यांवरच जातील. लावायच्या आधी तीन-चार दिवस आणि नंतर आठवडाभर कीटकनाशक नको. करप्याचं बुरशीनाशक अटळ असेल तर ते आधी उरकून घ्या.

ट्रायको कार्डातून सुटलेल्या अंड्यांसाठी घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही. एकरी १०० एलई (एक एलई म्हणजे एका रोगट अळीतून मिळणाऱ्या विषाणूएवढी मात्रा), पाण्यात थोडा गूळ, आणि फवारा सूर्य मावळताना, कारण उन्हातल्या किरणांनी विषाणू निकामी होतो. अळी लहान असतानाच तो चालतो. पहिले तीन दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. पाच ते सात दिवसांत अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी पानाला धरून उलटी लटकते, कातडी फुटते आणि आतलं पाणी खालच्या पानांवर गळतं. त्यातूनच पुढच्या अळ्यांना लागण होते. दुसऱ्याच दिवशी अळी चालताना दिसली म्हणून रासायनिक फवारा घेतला तर दोन्ही खर्च वाया.

निंबोळी अर्काची बाटली घेताना पीपीएम, म्हणजे त्यातल्या मूळ घटकाचं प्रमाण, बघा. ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम अशा तिन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि प्रमाण पूर्ण वेगळं असतं. संचात बहुतेक हलकीच असते. घरी करायचा असेल तर पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, लिटरभर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण त्यात मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. हा पाच टक्के अर्क त्याच दिवशी संपवावा.

ट्रायकोडर्माच्या पुड्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, बनावटीची आणि मुदतीची तारीख, आणि ग्रॅमला किमान वीस लाख सीएफयू (जिवंत, वाढू शकणारे बुरशीचे कण) लिहिलेलं हवं. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेला पुडा तारखेत असला तरी घेऊ नये. किलोभर पुडा पन्नास-साठ किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचा, ओल ठेवून सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवायचा आणि मग बेडवर टाकायचा. ड्रिपमधून कॉपर किंवा दुसरं बुरशीनाशक सोडायचं असेल तर या दोन्हींत अंतर हवं. एकाच टाकीत दोन्ही टाकले तर ट्रायकोडर्माच मरतो.

घडीपत्रकात ‘गरजेनुसार शिफारशीत कीटकनाशक फवारावे’ असं वाक्य असतं आणि खाली त्याच कंपनीची चार नावं. नावं चार असली तरी गट, म्हणजे किडीला मारण्याची पद्धत, एकच असू शकतो. क्लोरँट्रानिलिप्रोल, सायँट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेंडिअमाइड हे तिन्ही २८ क्रमांकाच्या गटातले. ‘औषध बदललं’ म्हणून एकामागून एक हेच मारलं तर टुटाला त्याची सवय होते. डब्यावरचा गट क्रमांक बघा. एका महिन्यात, म्हणजे किडीच्या साधारण एका पिढीत, जो गट वापरला तो पुढच्या महिन्यात नको. लेबलवर टोमॅटो आणि ती कीड दोन्ही लिहिलेली हवीत. तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही तिथेच असतं. दिवसाआड खुडा चालू असताना सात दिवस थांबायला सांगणारं औषध घ्यायचं म्हणजे तीन खुडे सोडायचे, हा हिशेब फवारण्याच्या आधी करायचा असतो.

झेंडूबद्दलही पत्रक अर्धंच बोलतं. ‘सापळा पीक म्हणून झेंडू लावा’ एवढंच. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे एक ओळ उंच आफ्रिकन झेंडूची, आणि लावताना टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं तर झेंडूचं चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं हवं. दोन्हींची फुलं एकाच वेळी आली तरच घाटेअळीची मादी झेंडूच्या कळीकडे वळते. एकाच वयाची रोपं लावली तर टोमॅटो आधी फुलतो आणि झेंडूचा काही उपयोग राहत नाही. दसऱ्याला झेंडू विकून पैसे होतात ते वेगळे, पण कळ्यांतल्या अळ्या वेचणं आणि लाल कोळी आला का ते बघणं सुटलं तर तीच ओळ किडीचं घर होते.

शेजारी कारली, दोडका किंवा दुधी असेल तर त्यासाठी हाच संच घेऊ नका. फळमाशीचा वेगळा सापळा लागतो आणि तिथे ल्युअरची चूक फार होते. आंब्याच्या फळमाशीचं मेथिल युजेनॉल वेलवर्गीयांवर दिलं जातं, आणि सापळा महिनाभर रिकामा राहतो. वेलांवरच्या माशीला क्यू ल्युअर लागतो. वापरून झालेले कुठलेही ल्युअर आणि त्यांची पाकिटं प्लॉटमध्ये टाकू नका. त्यांना थोडा वास उरलेला असतो, पतंग तिकडे वळतो आणि सापळ्यातली मोजणी चुकते. दुसरा ल्युअर हातात घ्यायच्या आधी हातमोजे बदला. एका किडीचा वास दुसऱ्या ल्युअरला लागला तर दोन्ही सापळ्यांतली पकड कमी होते.